देवाची शीव, सरकारची हद्द

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीत एका सभेत वक्त्याने सांगितले की एकतीस सालच्या शिरगणतीवर आपल्या जिल्ह्यातल्या एका अख्ख्या गावाने बहिष्कार घातला होता. लोकांनी घरांवरचे सरकारी नंबर पुसले आणि गुराढोरांसकट गाव सोडला. सभेत टाळ्या पडल्या. वक्त्याने गावाचे नाव बरोबर सांगितले होते. नंबर पुसले गेले होते हे खरे, गाव रिकामा होता हेही खरे. बहिष्कार मात्र नव्हता. त्या वेळी मी तिथे होतो, म्हणून पाहिले ते लिहून ठेवतो.

तेव्हा मी रत्नागिरीच्या एका साप्ताहिकात कामाला होतो. माझ्या बहिणीचे यजमान जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात लोकलबोर्डाच्या शाळेत मास्तर होते. शिरगणतीच्या कामाला सरकार शाळामास्तरांनाच धरत असे. काम असे चाले. आधी महिना-दीड महिना मास्तराने घरोघर हिंडून प्रत्येक घरावर गेरूने नंबर घालायचा आणि घरातल्या माणसांची नावे काळ्या शाईने फॉर्मात भरायची. मग ठरलेल्या दिवशी, सगळ्या हिंदुस्थानात एकाच संध्याकाळी, पुन्हा घरोघर जायचे. मधल्या काळात कोणी मेले किंवा परगावी गेले असेल तर त्याचे नाव लाल शाईने खोडायचे. कोणी जन्मले किंवा पाहुणे आले असेल तर लाल शाईने वाढवायचे. त्या संध्याकाळी माणूस जिथे असेल तिथलाच तो मोजला जाई. बोटीत असला तर बोटीत. चांदणे असेल असाच दिवस सरकार निवडत असे आणि त्या सुमारास जत्रा, लग्ने ठेवू नयेत अशी दवंडी पिटली जाई.

त्या वर्षी सरकार शिरगणतीच्या बाबतीत संशयी झाले होते. मिठाचा सत्याग्रह होऊन वर्ष भरले नव्हते. शिरगणतीवर बहिष्कार घाला, नंबर पुसा, असा प्रचार चालू होता, आणि काही ठिकाणी लोकांनी तसे केलेही होते. नंबर पुसणे हा गुन्हा होता.

भावोजींच्या गावात गावपळण होती, आणि संपादकांनी मला तिच्यासाठीच पाठवले होते. दर तीन वर्षांनी तो गाव तीन दिवस आणि तीन रात्री रिकामा करतात. माणूस, गाय, कुत्रा, कोंबडी, काहीही जिवंत मागे ठेवायचे नाही. सगळ्यांनी शिवेबाहेर माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी बांधून राहायचे. तेवढे दिवस गाव देवाचा. दिवस कोणते हे देवच सांगतो. गुरव पाषाणाला ओले तांदूळ लावतो. उजवे पडले तर हो, डावे पडले तर नाही. पळण एरवी मार्गशीर्षात व्हायची, पण त्या साली मानकऱ्याकडे सुतक आले आणि दिवस पुढे ढकलले गेले. होळीच्या आधी गाव भरलाच पाहिजे, म्हणजे माणसे परत घरी आलीच पाहिजेत, म्हणून देवापुढे तीनदा दिवस मांडले. दोनदा डावे पडले. तिसऱ्यांदा उजवे पडले, आणि त्या तीन दिवसांतला दुसरा दिवस शिरगणतीचा होता.

भावोजींना त्या गावात दोनच वर्षे झाली होती. पळण त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी तालुक्याला लिहून विचारले, लोक खोपींत असतील तर काय करायचे? उत्तर आले, खोपींत मोजावे. ते निर्धास्त झाले.

पळणीच्या आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी पोचलो. ताई ओसरीवर हात धूत होती. हाताला कोपरापर्यंत माती होती.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"सारवलं घर. इथं पद्धत आहे. देव फिरायचा आता तीन दिवस घरातून. मळक्या भिंती ठेवून कसं जाणार? सकाळपासून सगळ्या बायका त्यालाच लागल्यात."

भावोजी शाळेतून आले, पायरीवर थांबले आणि दाराच्या उजव्या बाजूच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंत ओली होती.

"इथला नंबर?" ते म्हणाले.

"कसला नंबर?"

"गेरूचा. मी घातलेला."

"अहो, तुम्ही वहीत लिहिलायत ना तो?" ताई म्हणाली. "मग भिंतीवर आणखी कशाला?"

त्यांनी चपला काढल्याच नव्हत्या. तसेच वळले. मी त्यांच्यामागून गेलो. सत्तरेक उंबऱ्यांचा गाव, तीन वाड्या. पहिल्या वाडीत एकही नंबर उरला नव्हता. दुसऱ्या वाडीत एका घरी म्हातारी शेवटचा कोपरा लिंपत होती. आकड्याचा अर्धा भाग तिच्या हाताखाली होता.

"आजी, जरा थांबा," भावोजी म्हणाले.

"थांबान कसां चालात, मास्तरांनू? उद्या उजाडताना ढोल वाजतलो," असे म्हणत तिने उरलेला अर्धाही लिंपला.

तिसऱ्या वाडीतही सगळ्या भिंती नुकत्याच लिंपलेल्या, ओल्या होत्या. ओल्या मातीवर गेरू धरत नाही. भिंती वाळायला रात्र लागली असती, आणि सकाळी ढोल वाजल्यावर मागे राहायचे नव्हते. परत येताना भावोजी एकच वाक्य बोलले. "बाहेरून येणाऱ्या माणसाला हे कसं दिसेल, सांग."

उजाडताच ढोल वाजला. लोक गुरे पुढे घालून निघाले. कोंबड्या पाट्यांखाली, चुली डोक्यावर. आमच्यापुढे एक बाई मांजर पोत्यात घालून चालली होती. मागून दुसरीने तिच्या नवऱ्यावरून विचारले, "तुझ्या घोवाक पण पोत्यात घालून आणलंस काय गो? खंय दिसना नाय तो." ती म्हणाली, "तो मुंबैक असा. थंय पोतां नाय, चाळ असा." उतरण उतरून सगळे ओहोळापलीकडे गेले. पाणी आणि सावली असल्यामुळे तळ नेहमी तिथेच पडायचा. दुपारपर्यंत खोपी उभ्या राहिल्या. भावोजी फॉर्मांची बॅग मांडीवर घेऊन एका खोपीत बसून होते.

दुपार कलताना तालुक्याचा पट्टेवाला आला. टपालवाल्याने वाटेवरून गाव पाहिला होता आणि कचेरीत जाऊन सांगितले होते. भावोजींनी पत्र वाचले, मग पुन्हा वाचले आणि माझ्याकडे दिले. मजकूर थोडा होता. घरांवरील नंबर पुसून लोकांनी गाव सोडल्याचे कळते. उद्या सूर्यास्तास मामलेदार समक्ष येतील. त्या वेळी गावचे सर्व इसम गावच्या हद्दीत हजर नसल्यास मास्तरास नोकरीवरून दूर करून त्याच्यावर खटला करण्यात येईल.

"पण खोपींत मोजा असं त्यांनीच लिहिलंय," मी म्हणालो.

"ते गावच्या हद्दीतल्या खोपींचं. ओहोळापलीकडे दुसरा गाव लागतो. तळ इथं पडतो हे मला आज कळलं." भावोजी म्हणाले. "ही सगळी माणसं उद्या त्या गावच्या मास्तराच्या फॉर्मात जाणार. माझ्या फॉर्मात एकूण एक नाव लाल शाईनं खोडलेलं. भिंतीवर नंबर नाही, गावात माणूस नाही. गेल्या साली माझ्याच शाळेत शिकलेले दोघं सत्याग्रहात गेले होते, तेही कागद कचेरीत आहेत."

ताई चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली.

गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, सत्तरीचा होता. भावोजींनी त्याला पत्र वाचून दाखवले आणि उद्या संध्याकाळपुरते, घटकाभर, सगळ्यांना गावात न्यावे असे सांगितले. भोवती माणसे जमली.

गावकराने मान हलवली. "तां होवचां नाय, मास्तरांनू. देवान दिवस दिल्यान ते दिल्यान. मधी कोणाचो पाय पडलो तर पळण मोडता. मगे परत पयल्यापास्ना तीन दिवस."

"मग देवाला विचारा."

"विचारूक देवळात जावक होया. देऊळ गावात. तुमचां वायट होवचां असां आमका वाटणां नाय. पण माझ्या हातात काय नाय."

पत्र अजून भावोजींच्या हातात होते. तेव्हा गर्दीच्या बाहेरून प्रश्न आला.

"मास्तरांनू, हद्द खंयची म्हणून लिवलाहा? देवाची काय सरकाराची?"

विचारणारा गावचा वेसकर होता. जातीने महार. त्याची खोप तळापासून लांब, खालच्या अंगाला होती आणि तो बोलतानाही दहा पावले लांबच उभा होता. गावाच्या हद्दीचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे होते. पूर्वी दोन गावांचा शिवेचा तंटा लागला की वेसकर चालून दाखवील ती हद्द खरी धरत; जुन्या निवाडपत्रांत हे सापडते. त्याच्या बापाने सरकारी मोजणीची साखळीही धरली होती. देवळाची पायरी चढायला त्याला मनाई होती, पण देवाची शीव त्याच्याइतकी गावात कोणाला ठाऊक नव्हती.

"सरकारची," भावोजी म्हणाले. "का?"

"दोनी येक नाय," वेसकर म्हणाला. "पालखी सड्यावरच्या काळ्या धोंड्याकडसून फिरता. नारळ थंयच देतत. सरकाराचो दगड म्होरां असा, पार घळीच्या तोंडार. मधलो सडो सरकार आमच्या गावचो म्हणता. देव म्हणना नाय."

गावकराने विचारले, "धोंड्याच्या म्होरां पालखी कधी गेली?"

"माझ्या बापाच्या वक्तार नाय. त्याच्या बापाच्याय नाय."

"पळणीत मधीच तळ हलवलेलो कोणी बघलाहा?" एकाने गर्दीतून विचारले. "कायतरी वायट झालां तर?"

"झालां तर माझ्यार," गावकर म्हणाला. "सकाळी धोंडो बघूया."

सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. झाड नाही, पाणी नाही, पायाखाली नुसता कातळ. सकाळी गावकर, वेसकर, भावोजी आणि मी शिवेबाहेरून वळसा घालून वर गेलो. काळ्या धोंड्यावर नारळाच्या जुन्या करवंट्या होत्या. वेसकर तिथून पुढे चालत गेला. त्याने खुणा शोधल्या नाहीत. सरळ जाऊन झुडपाखालच्या एका घडीव दगडावर काठी टेकली आणि म्हणाला, "ह्यो." दोन्हींच्या मधे सड्याची एक लांब, अरुंद पट्टी होती. गावकराने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली, धोंड्याला हात जोडले आणि मागे न बघता पट्टीत उतरला.

"हाडा सगळ्यांका, हंय घेवन येवा," तो म्हणाला.

दुपारच्या उन्हात तळ हलला. खोपी मोडून झापा डोक्यावरून वर आणल्या. गुरे चढेनात. बायकांनी ओहोळातून पाण्याचे हंडे चढवले. कोणी मास्तरांना बोलले नाही, पण त्यांच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने बोलणारे होते. "आमी देवासाठी भायर पडलंव, आता सरकारासाठी भाजतलंव." एका म्हातारीला खुर्चीत बसवून चौघांनी आणले. वाटेत ती विचारत होती, "गाव भरलो काय रे?"

खोपी उभ्या राहिल्या तेव्हा दिवस बराच कलला होता. आता नंबर हवे होते. गेरूचा डबा शाळेत होता आणि शाळा गावात. कोणीतरी कोळसा आणला, पण जांभ्यावर तो उठेना. शेवटी गावकराने कमरेची चंची सोडली आणि चुन्याची डबी पुढे केली. मग दुसऱ्याने केली, तिसऱ्याने केली. पानाचा चुना पाण्यात कालवून भावोजींनी प्रत्येक खोपीपुढे एकेका जांभ्याच्या चिऱ्यावर घराचा नंबर घातला. घर जिथे असेल त्या क्रमाने खोपी नव्हत्या, म्हणून त्यांनी माणसांना उठवून क्रमाने बसवले. शेवटच्या काही आकड्यांना चुना पुरला नाही, ते पुसट राहिले. वेसकराची खोप इथेही टोकाला, वेगळी होती. तिच्यापुढेही चिरा ठेवला गेला. त्याचा आकडा मात्र ठळक होता, कारण भावोजींनी सुरुवात त्या टोकापासून केली होती.

सूर्य समुद्राकडे टेकला तेव्हा मामलेदार घोड्यावरून आले. बरोबर तलाठी आणि एक शिपाई. मामलेदार घाटावरचे होते. त्यांनी आधी वेशीबाहेर घोडा थांबवून गाव पाहिला होता, आणि तिथून शिवेबाहेरच्या वाटेने सड्यावर आले होते.

"भिंती पाहिल्या मी वेशीबाहेरून," ते घोड्यावरूनच म्हणाले. "एक नंबर दिसत नाही. आणि तुम्ही गावाबाहेर."

"गावाबाहेर नाही, साहेब. हद्दीत आहोत."

मामलेदारांनी तलाठ्याकडे पाहिले. तलाठ्याने कातळावर नकाशा पसरला, त्यावर चार दगड ठेवले आणि कुठून सुरुवात करावी ते शोधू लागला. तोपर्यंत वेसकर चालू लागला होता. तो घडीव दगडापाशी जाऊन उभा राहिला, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. तलाठी नकाशा हातात धरून त्याच्यामागून गेला. परत आला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "बरोबर आहे, साहेब. हद्दीतच आहेत."

मामलेदार खाली उतरले. "ठीक. माणसं हद्दीत आहेत. नंबरांचं काय? ते कोणी पुसले?"

"बायकांनी घरं सारवली. इथली रीत आहे."

"सगळ्यांनी एकाच दिवशी?"

"हो."

"सारवली की पुसली, ते मी आत जाऊन बघतो."

ते वळले आणि काळ्या धोंड्याच्या दिशेने चालू लागले. बसलेली माणसे उठून उभी राहिली. शिपायाने काठी आडवी धरली. गावकर धोंड्यापाशी गेला, पण आडवा झाला नाही, बाजूला उभा राहिला.

"रावसायब, तुमी सरकार. तुमका कोण अडवणा नाय," तो म्हणाला. "पण तुमचो पाय आत पडलो की आमचे तीन दिवस परत पयल्यापास्ना. ह्या कातळार. पाणी नाय हंय. गुरां दोन दिवस काढतली, पाच दिवस काढूची नाय."

मामलेदार धोंड्याच्या अलीकडे थांबले. पुढे अर्धी उतरण आणि तिच्या पायथ्याशी वेस दिसत होती. वेशीजवळ शाळा होती, चुन्याने पांढरी केलेली. उन्हाची तिरीप तिच्या सड्याकडच्या, वेशीवरून न दिसणाऱ्या भिंतीवर होती.

"तिथं काय लिहिलंय?" त्यांनी विचारले.

"शाळेचा नंबर," भावोजी म्हणाले. "शाळा सारवत नाहीत. सरकारी इमारत म्हणून बायका हात लावत नाहीत."

मामलेदारांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. गेरूचा आकडा लांबूनही स्पष्ट दिसत होता. शिपायाने काठी खाली केली नव्हती.

"नंबर पुसायला निघालेला माणूस," ते शेवटी म्हणाले, "शाळेचा पहिला पुसेल." मग मागे वळून त्यांनी विचारले, "मास्तर, तुमच्या स्वतःच्या घरावरचा नंबर?"

"तोही गेला, साहेब."

"तो कोणी सारवला?"

"मंडळींनी."

मामलेदारांनी खोपींकडे पाहिले. ताई खाली मान घालून बसली होती. "सरकारी नोकराच्या घरात सरकारचं एवढंच चालतं म्हणायचं," ते म्हणाले आणि धोंड्यापासून मागे आले.

मोजणी सुरू झाली. भावोजी एकेका चिऱ्यापुढे बसून नाव वाचत, माणूस हजेरी दिल्यासारखा "असंय" म्हणे, ते पुढे जात. मी कंदील धरला होता. मामलेदार मधूनच एखादे नाव स्वतः विचारत. लाल शाई फार थोडी लागली. एका घरी सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिचे नाव खोडले. माझे नाव भावोजींच्या घरात पाहुणा म्हणून लाल शाईने वाढवले. शेवटच्या चिऱ्याशी वेसकराच्या घरची चार नावे वाचून झाली. मामलेदारांनी कंदिलाच्या उजेडात सही केली आणि तोंडी बजावले की गावात परतताच आठ दिवसांत सगळ्या भिंतींवर नंबर पुन्हा घालावेत, आणि तसा अहवाल पाठवावा.

"आता त्यांचा उपयोग काय, साहेब?" भावोजींनी विचारले. शिरगणती संपली होती.

"पुसलेले नंबर माझ्या तालुक्यात राहायचे नाहीत, हा उपयोग," मामलेदार म्हणाले आणि घोड्यावर बसले.

ठरल्या दिवशी गाव भरला. मी रत्नागिरीला परतलो आणि गावपळणीवर काहीच लिहिले नाही. लिहिले तर भावोजींची नोकरी धोक्यात येईल हे कारण संपादकांना सांगितले, त्यांना ते पटले. मुंबईच्या एका पत्राने मात्र कुठून तरी ऐकून दोन ओळी छापल्या: रत्नागिरी जिल्ह्यातल्या अमुक गावाने शिरगणतीवर बहिष्कार टाकून गाव सोडला. ते कात्रण कचेरीत पोचले. भावोजींना तालुक्याला बोलावणे आले. ताईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. ते संध्याकाळी परतले तेव्हा त्यांनी सांगितले की मामलेदारांनी कात्रण पुढे ठेवून एकच प्रश्न विचारला, "हे तुमच्या मेहुण्यानं छापलंय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी कात्रणावर शेरा मारला, "आम्ही समक्ष हजर होतो," आणि भावोजींना जायला सांगितले. सभेतल्या वक्त्याला मिळालेली माहिती त्या दोन ओळींची असावी. तो शेरा कोणी पाहिला नसणार.

भावोजी त्या शाळेत आणखी बरीच वर्षे राहिले. तीन वर्षांनी पुढची पळण आली तेव्हा मी पुन्हा गेलो. आदल्या दिवशी बायका भिंती सारवत होत्या. मी तिन्ही वाड्यांतून फिरलो. प्रत्येक घराच्या दाराशेजारी, नव्या ओल्या मातीच्या मधोमध, जुन्या वाळक्या भिंतीचा एक चौकोन सोडलेला होता, आणि त्या चौकोनात गेरूचा नंबर होता. ताईच्या घरीही होता. तिने तो सारवणाच्या हाताने नाही, काठीच्या टोकाने कडा आखून सोडला होता.